पडती बाजू

जगाचं सॉफ्टवेअर आम्हीच लिहितो, असं बेंगळुरूचं म्हणणं आहे आणि ते फारसं खोटं नाही. पण या शहरात संध्याकाळी गर्दी कुठे उसळते, तर झेरॉक्सच्या दुकानात. समोरच्या काचेच्या इमारतीत दिवसभर ‘पेपरलेस’ जगाची तयारी करणारी मंडळी गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबून इथे रांगेत उभी असतात. कारण इमारतीच्या आत काय वाटेल ते चालू दे, बाहेर कागद लागतो. घरमालकाला लागतो, शाळेला लागतो, गॅसवाल्याला लागतो आणि सोसायटीच्या वॉचमनला तर हमखास लागतो.

शहराचा हा स्वभाव जुनाच आहे. इस्रोने 1981 साली ‘ॲपल’ उपग्रह बैलगाडीवर ठेवून तपासला होता. चाचणीत धातूच्या गाडीचा अडथळा नको, म्हणून लाकडी गाडी आणली. त्यामुळे क्लाउडवरची फाइल व्हॉट्सॲपने झेरॉक्सवाल्या अण्णाच्या कळकट कॉम्प्युटरवर उतरवायची, पाच रुपये मोजून तिचा प्रिंट काढायचा, त्यावर सही ठोकायची, मोबाइलने सहीचा फोटो काढायचा आणि तो पुन्हा क्लाउडवर चढवायचा, यात इथे कोणाला काही वावगं वाटत नाही. बैलगाडी लागतेच. तिच्यावर काय ठेवलंय एवढाच फरक.

तेव्हा कटकट प्रिंटची नाही. कटकट आहे ती उजव्या बाजूची.

‘डाउनलोड’ नावाचं बटण शोधत बसण्यापेक्षा समोर दिसतंय ते तसंच छापून घ्यावं, असा माणसाचा कल असतो. ब्राउझरमध्ये पान उघडलेलं असतं. कंट्रोल आणि पी दाबलं, की कागद बाहेर. डावी बाजू झकास आलेली असते. साइटचा लोगो, मेनू, कुकीज स्वीकारण्याची विनंती, ‘मी आपली काय मदत करू?’ असं विचारणारी चॅटची बाहुली, सगळं ठसठशीत. मजकुराच्या ओळी मात्र उजव्या कडेला पोचतात आणि गडप होतात. राहिलेला शब्द पुढच्या ओळीत नाही, पुढच्या पानावर नाही, पाठीमागे तर नाहीच. शेवटचं एक पान अख्खं कोरं येतं आणि त्याच्या तळाशी साइटचा लांबलचक पत्ता तेवढा असतो. त्याचेही पाच रुपये पडतात.

आता कागदाच्या उजवीकडे काय काय नांदत असतं ते बघा. डावीकडे अनुक्रमांक. हा गृहस्थ आजवर कापला गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. मग नाव, मग पत्ता. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती रक्कम, ते ‘एकूण’, तो शेरा आणि ती सही, हे सगळे उजव्या कडेला दाटीवाटीने बसलेले. बँकेचं स्टेटमेंट ब्राउझरमधून छापा. तारीख येते. तपशिलाच्या रकान्यात यूपीआयचा तो शेपूटभर लांब संदर्भ अक्षर न गाळता येतो. ‘नावे’ची रक्कम येते. ‘जमा’ अर्धवट येते आणि ‘शिल्लक’ येतच नाही. पैसे कुठे कुठे गेले ते समजतं, उरले किती ते समजत नाही. नोकरदाराच्या महिनाअखेरीचं इतकं इमानदार चित्र मूळ पानावरही नसतं.

आकड्यांची तर आणखीच गंमत. आपले आकडे उजवीकडे वाढतात, म्हणून कापली जातात ती शून्यं. बेंगळुरूत घरभाड्याच्या दहा महिन्यांची रक्कम डिपॉझिट म्हणून मागायची रीत आहे. अलीकडे गयावया केली तर पाच-सहा महिन्यांवर भागतं. आमच्या ओळखीच्या एका मुलाने करारातला पैशांचा तक्ता ऑफिसातून छापून आणला, तर तीन लाखांचं शेवटचं शून्य कागदाबाहेर राहिलं. तीस हजारांच्या डिपॉझिटवर तो बिचारा पाच मिनिटं या शहरावर मनापासून प्रेम करत होता. मग घरमालकाने खिशातलं बॉलपेन काढून हाताने शून्य काढलं. मूळ छापील शून्यापेक्षा ते जरा मोठंच होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर सांगलीकडचे एक आजोबा मुलाकडे राहायला आलेत. जिल्हा न्यायालयात नाझर होते, म्हणून अख्खी सोसायटी त्यांना नाझरसाहेब म्हणते. कागद हा त्यांचा धर्म. गावाकडच्या शेताचा सातबारा हवा होता. मुलगा म्हणाला, “बाबा, मोबाइलवर दाखवतो ना.” नाझरसाहेब म्हणाले, “मोबाइल फायलीला लावता येतो का?” निरुत्तर होऊन मुलाने सही-शिक्क्याची अधिकृत प्रत उतरवून घ्यायचे कष्ट न घेता, पडद्यावरचं पान तसंच छापून आणलं.

सातबारा ज्यांनी हाताळलाय त्यांना माहीत असतं की गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार वगैरे होत होत अगदी उजवीकडे ‘कूळ, खंड व इतर अधिकार’ असा रकाना येतो. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, बहिणींचे हक्क असले सगळे नाजूक विषय तिथे असतात. नाझरसाहेबांनी चष्मा पुसून कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि मुलाला म्हणाले, “2017 ची कर्जमाफी झाली, 2019 ची झाली, दोन्ही वेळेला आपलं नाव यादीत नव्हतं. आणि तू पाच रुपयांत बोजा उतरवून आणलास?”

“तो प्रिंटमध्ये कट झालाय बाबा.”

“असू दे,” नाझरसाहेब म्हणाले, “सुख आहे. ठेव देवापुढे.”

हे का होतं, ते मी एका सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. बेंगळुरूत यासाठी लांब जावं लागत नाही. लिफ्टमध्ये जो भेटेल तो चालतो. त्याने सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत जे सांगितलं त्याचा सारांश असा. पडद्याला उजवी कड नसतेच, तिथे स्क्रोलबार असते. कागदाला कड असते. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद. ब्राउझर एका इंचात 96 पिक्सेल धरतो, म्हणजे कागदाच्या वाट्याला 794 आले, आणि दोन्हीकडचा समास वजा जाता साधारण सातशे उरले. पान रंगवणारा डिझायनर बसलेला असतो भिंतीएवढ्या मॉनिटरसमोर. त्याची हजार-बाराशे पिक्सेलखाली बातच नसते.

साध्या परिच्छेदाचं यात काही बिघडत नाही. जागा कमी पडली की तो मुकाट्याने ओळी मोडून घेतो. अडून बसतात ते तिघंच. एक, पिक्सेल मोजून रुंदी ठरवलेला तक्ता. दुसरा, मध्ये कुठेही मोकळी जागा न सोडता धावणारा साइटचा पत्ता किंवा व्यवहाराचा क्रमांक. आणि तिसरा, प्रोग्रामर लोकांचा लाडका करड्या रंगाचा चौकोन. या चौकोनाला एचटीएमएलमध्ये ‘प्री’ म्हणतात. लिहिणाऱ्याने जिथे एंटर मारला तिथेच त्यातली ओळ मोडणार, एरवी जग बुडालं तरी मोडणार नाही. कागदासाठी वेगळे नियम लिहून ठेवायची सोय वेबमध्ये 1998 पासून आहे. पण ते नियम लिहिणार कोण? डिझायनरच्या घरी प्रिंटर नसतो. त्यालाही लागला की तो अण्णाकडेच येतो.

वाईट याचं वाटतं की ओळ आवरती ठेवायची शिस्त मूळ याच लोकांची. आयबीएमने 1928 साली 80 रकान्यांचं पंचकार्ड काढलं. कार्डं रद्दीत गेली, पण 80 अक्षरांची मर्यादा पुढे पडद्यावरही टिकली. पायथन भाषेच्या लेखनाचे नियम आजही एका ओळीत 79 अक्षरं पुरेत असं सांगतात. लिनक्सवाल्यांनी इतकी वर्षं 80 वर तग धरला आणि 2020 मध्ये शंभरपर्यंत सूट दिली. मधल्या काळात बँकांमध्ये कडेला भोकं असलेला, घडीवर घडी पडत जाणारा तो रुंद कागद होता. त्यावर 132 अक्षरांची ओळ ऐसपैस मावायची. बँकेत नोकरीला असलेल्या मराठी बापांनी तो पाठकोरा कागद घरी आणला, त्याच्या पाठीवर गणितं सोडवून एक पिढी इंजिनियर झाली, बेंगळुरूला आली आणि दोनशे अक्षरांच्या ओळी लिहायला लागली.

यात आणखी एक आंतरराष्ट्रीय भानगड आहे. ए-फोरचं माप जर्मनीत 1922 साली प्रमाण झालं आणि पुढे आपल्यासह बहुतेक जगाने ते घेतलं. अमेरिका मात्र ‘लेटर’ नावाच्या कागदावर ठाम आहे. तो ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि उंचीला कमी. अमेरिकन ऑफिसच्या वेळा सांभाळून रात्री जागणाऱ्या या शहरात कित्येक कॉम्प्युटरही मनाने अमेरिकेतच असतात. ते ‘लेटर’ समजून पान आखतात आणि ट्रेमध्ये असतो ए-फोर. सहा मिलिमीटर म्हणजे फार नाही. एक काना आणि एक वेलांटी. किंवा एक शून्य.

अण्णाकडे या सगळ्यावर इलाज आहेत. अण्णा हासनकडचा. कॉम्प्युटर कुठे शिकला नाही, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून टक्के ठरवतो. “सार, स्केल कम्मि माडोणा?” असं विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता करतोही. रेल्वेच्या तिकिटाला नव्वद, बँकेला पासष्ट, शाळेच्या फीला ऐंशी. एकदा मी म्हटलं, “अण्णा, शंभर टक्के का नाही येत?” तो म्हणाला, “हंड्रेड पर्सेंट कुठेच येत नाही सार. सेवंटीत समाधान मानायचं.” ध्यानधारणेचे महागडे वर्ग चालवणाऱ्यांनी या दुकानात दोन तास बसायला हरकत नाही.

खरं तर हा शहाणपणा ब्राउझरलाही उशिरा सुचला. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती उजवी बाजू बेलाशक कापायची. 2006 मध्ये सातवी आली आणि तिने अख्खं पान आकसून कागदात बसवायला सुरुवात केली. पण त्यात एक मेख आहे. बेंगळुरूच्या बसमध्ये एखादा माणूस ट्रंक घेऊन चढतो, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि” म्हणतो, आणि त्या ट्रंकेपायी बाकावरचे सगळे अंग चोरून बसतात, इथेही तसंच. पानावर पन्नास ओळी गुणी असतील आणि एकच ओळ दीड हात लांब असेल, तर तिला जागा व्हावी म्हणून पन्नासही ओळींनी बारीक व्हायचं. लांब ओळीला कोणी बोलत नाही. नाझरसाहेबांसाठी मुलाने असा एक कोर्टाचा निकाल छापून आणला. मधल्या तळटीपेत एक पत्ता लांबच लांब होता, त्यामुळे अख्खा निकाल भिंगाखाली वाचावा लागला. “निकाल काय लागला?” मी विचारलं. “अपील फेटाळलं बहुतेक,” ते म्हणाले, “किंवा तो शब्द ‘फोटो’ असेल.”

दुसरा इलाज कागद आडवा करण्याचा. यावर तरुण मंडळी नवा शोध लागल्यासारखी खूश होतात. पण आपल्या पोथ्या आडव्याच होत्या की. सुटी रुंद पानं, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत जाणारी ओळ, वाचताना बुवांची मान डावीकडून उजवीकडे फिरायची. रुंदी पुरेना म्हणून एक ओवी कापली गेली, असं कुठल्या देवघरात झालेलं नाही. मोडीवाले तर आणखी पक्के. ते आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही आणि कड आली की शब्द जिथे असेल तिथे मोडून खालच्या ओळीत. कागद संपला तर खाली दुसरा बंद चिकटवायचा आणि गुंडाळी करायची. लांबीला मर्यादा नाही, रुंदीला मात्र शिस्त.

बेंगळुरूच्या मराठी माणसाला तर हे घरच्या दाखल्यानेच सांगता येईल. ही शहाजीराजांची जहागीर. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांच्या दानाचा 1669 चा कन्नड शिलालेख मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराच्या देवळापाशी आहे. मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव देवाला दिल्याची ती नोंद. खडक काही ए-फोर मापाचा मिळत नाही. पण जुने पाथरवट जागा संपली की अर्ध्या शब्दावरून खाली उतरत आणि उरलेला शब्द पुरा करत. गाव कुठलं हे कोरायचं राहून गेलं, कारण ते उजवीकडे होतं, अशी सबब त्या काळी चालली नसती. आणि प्रिव्ह्यू बघायची सोय नव्हती, तरी पाथरवट आधी दगडाची रुंदी बघून घेत असणार. आज ती सोय आहे. प्रिंट दाबल्यावर आधी पान कसं दिसेल ते दाखवणारी खिडकी उघडते. कागदाचं माप, आडवा-उभा, टक्के, सगळं तिथे बदलता येतं. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये वाचनाचा साधा देखावा असतो, तो चालू केला की जाहिराती आणि चॅटची बाहुली हाकलली जाते आणि मजकूर तेवढा उरतो. पण त्या खिडकीकडे नजर टाकायची तेवढी एक गोष्ट सोडून माणूस इतर सगळं करतो.

एका कागदावर तर मी उजव्या कडेला राखाडी पट्टी छापलेली पाहिली. ती स्क्रोलबार होती. पडद्यावरच्या चौकोनाला होती, म्हणून ब्राउझरने इमानाने कागदावरही उमटवली. अण्णाच्या दुकानात एका तरुणाने तिच्यावर अंगठा ठेवून दोनदा वर सरकवलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

पण हा सगळा प्रकार ज्याने कळसाला नेला, तो आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाचा गणेशोत्सव. मंडळाच्या साइटचं काम एका होतकरू तरुणाकडे. त्याने सूचना त्या करड्या चौकोनात टाकल्या, कारण त्यातला टाइप त्याला आवडायचा. सूचना छापून मांडवाच्या दारात लावल्या गेल्या. आता इंग्रजीत ‘नो’ डावीकडे असतो. ‘नो पार्किंग’चं काहीही कापलं गेलं तरी ‘नो’ जागेवर. आपलं तसं नाही. आपण आधी सगळं ऐकवतो, आशा लावतो आणि शेवटी नकार देतो. म्हणजे आपला नकार बसतो नेमका उजव्या कडेला.

पहिली सूचना होती, ‘सभासदांखेरीज इतरांना महाप्रसादाची कुपनं मिळणार नाहीत’. कागदावर आलं, ‘सभासदांखेरीज इतरांना महाप्रसादाची कुपनं मिळणार’. दुसरी, ‘आरतीच्या ताटासाठी आयत्या वेळी नाव घेतलं जाणार नाही’. तिथे नाव घेतलं जाणार होतं. तिसरी, ‘लहान मुलांच्या नाचात एकाला दोन गाणी चालणार नाहीत’. ती चालणार होती, आणि चालली. रात्री पावणेबारापर्यंत चालली.

महाप्रसादाला तर जत्रा लोटली. मसालेभात पहिल्या पंगतीला संपला, मठ्ठ्यात पाणी वाढत गेलं आणि जिलबी कोणी पाहिली यावर अजून मतभेद आहेत. सचिव मांडवाच्या दारात उभे राहून “अहो, शेवटचा शब्द कापलाय” म्हणून सांगत होते. लोक म्हणत होते, कागदावर काय लिहिलंय ते वाचा. प्रकरण नाझरसाहेबांपुढे गेलं. त्यांनी सूचनेचा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “कॉम्प्युटरवरचा मजकूर छापून पुराव्याला द्यायचा, तर पूर्वी 65-ब चं प्रमाणपत्र लागायचं. 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागतं. मूळ साइटवर काय होतं त्याचं असं प्रमाणपत्र कोणाकडे आहे का?” कोणाकडेच नव्हतं. “मग दारावर लावलंय तेच खरं. वाढा.”

पुढच्या वर्षी मंडळ सावध झालं. त्या करड्या चौकोनाला ओळ मोडायची परवानगी देणारा एक छोटासा नियम लिहिला असता तर भागलं असतं; प्रोग्रामिंगमध्ये त्याला मिनिट लागत नाही. पण कार्यकारिणीत असे प्रश्न मिनिटात सुटत नाहीत. दोन बैठका होऊन ठरलं, की वाक्यच फिरवायचं. नकार डावीकडे घ्यायचा, म्हणजे तो कापला जाण्याची भीतीच नको. त्याप्रमाणे नवी सूचना तयार झाली, ‘मिळणार नाहीत महाप्रसादाची कुपनं सभासदांना सोडून इतर कोणाला’. एकाने ‘वा!’ म्हणून दादही दिली, त्याला ती कविता वाटली. शिवाय लांबूनही वाचता यावी म्हणून या खेपेला अक्षरं मोठी करायची ठरली.

अक्षरं मोठी झाली, ओळ लांबली आणि कागद तेवढाच राहिला. मांडवाच्या दारात ठळक टाइपात सूचना लागली, ‘मिळणार नाहीत महाप्रसादाची कुपनं सभासदांना’.

सभासद खवळून घरी गेले. बाहेरचे गेल्या वर्षीच्या अनुभवाने शहाणे झाले होते. सभासदांनाच मिळत नाही तिथे आपल्याला कोण देणार, म्हणून तेही फिरकले नाहीत. त्यामुळे महाप्रसादाच्या खात्यात मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच पैसे उरले, असं खजिनदार हसतमुखाने सांगत होते. त्यांनी लगोलग जमाखर्च छापून फलकावर लावलासुद्धा. ब्राउझरमधूनच छापला होता. तारीख होती, तपशील होता, खर्च पैशापैशासकट होता. ‘शिल्लक’ हा रकाना मात्र उजवीकडे होता.